बाबा गेल्यावर आईसाठी लॅब्राडोर आणावा का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की बाबांना जाऊन आठ महिने झालेत, आई ६३ वर्षांच्या, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकट्या, तुम्ही पुण्यात नोकरीला, फोनवर आई "मी बरी आहे गं" एवढंच म्हणतात, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, स्वतःपुरता कुकर लावायचाही कंटाळा करतात, आणि तुमच्या मिस्टरांच्या ओळखीत लॅब्राडोरची पिल्लं झालीत तर त्यातलं एक आईच्या वाढदिवसाला नेऊन द्यावं का, कारण कुत्रा पाळला की डिप्रेशन कमी होतं असं सगळीकडे वाचलंय. शिवाय आई सोवळ्याच्या आहेत, त्या नाहीच म्हणतील अशी भीती. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की रात्री गेटपाशी बसणाऱ्या एका तपकिरी कुत्रीला मात्र आई न चुकता पोळी घालतात. या ओळीकडे मी नंतर येते, तुमच्या अख्ख्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटली.

मी नाशिकमध्ये २२ वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करतेय. गोळ्या मी देत नाही, त्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, माझं काम बोलण्याचं आणि माणसाचा विस्कटलेला दिवस हळूहळू परत लावून देण्याचं. कुत्र्यामुळे उभी राहिलेली माणसं मी पाहिलीत आणि कुत्र्यामुळे आणखी खचलेलीही पाहिलीत, त्यामुळे कुत्रा चांगला की वाईट याला एका शब्दात उत्तर नाही. पण पिल्लू सरप्राइज म्हणून द्यावं का, याला आहे. देऊ नका.

आता तुम्ही जे वाचलंय ते खोटं नाही, हे आधी सांगते. २०१५ साली जपानमधल्या आझाबू विद्यापीठाच्या लोकांनी एक प्रयोग केला, कुत्रा आणि त्याचा मालक एका खोलीत अर्धा तास, आधी आणि नंतर दोघांच्या लघवीची तपासणी. ज्या जोड्या एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिल्या त्यांच्यात माणसाचं आणि कुत्र्याचं, दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढलेलं दिसलं. आई बाळाला जवळ घेते तेव्हा वाढतं तेच हे हार्मोन. माणसांनी लहानाचे मोठे केलेले लांडगे घेऊन हेच करून पाहिलं तर तसं काही झालं नाही. मग २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर काम झालं, ज्यांना दहा मिनिटं कुत्र्यामांजरांना प्रत्यक्ष कुरवाळायला मिळालं त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, नुसतं बघत बसलेल्यांपेक्षा किंवा वाट पाहणाऱ्यांपेक्षा कमी निघालं. पण हे दहा मिनिटांचं आहे बघा. दहा मिनिटं बरं वाटणं आणि आठ महिन्यांचं दुःख हलकं होणं यात फार अंतर आहे, आणि नेमकं हेच अंतर त्या फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये कुणी सांगत नाही.

स्वीडनमधल्या अभ्यासाचाही उल्लेख तुम्ही केलाय. तो २०१७चा, ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांच्या नोंदी त्यांनी बारा वर्षं पाहिल्या आणि एकटं राहणाऱ्यांमध्ये ज्यांच्याकडे कुत्रा होता त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी दिसला. आकडा मोठा आहे, पण ज्याचे गुडघे चांगले, ज्याला चालायला जमतं, तोच मुळात कुत्रा आणतो हेही असू शकतं ना, आणि हे त्या संशोधकांनी स्वतःच मान्य केलंय. डिप्रेशनच्या बाबतीत तर अभ्यास एका सुरात बोलतच नाहीत, काहींमध्ये फायदा दिसतो, काहींमध्ये काहीच फरक नाही. म्हणून मी पेशंटला कधीच असं सांगत नाही की कुत्रा आणा, बरं वाटेल.

मग काही जणांना खरंच बरं वाटलेलं मी पाहिलंय ते कशाने? माझं उत्तर आहे, वेळेने. प्रेमाने वगैरे नंतर. डिप्रेशनमध्ये माणूस म्हणतो मन लागू दे मग उठेन, आंघोळ करेन, मन लागू दे मग बाहेर पडेन, आणि मन काही लागत नाही कारण ते उठल्याशिवाय लागणारच नसतं. म्हणून आमच्या उपचारातला एक मोठा भाग असा असतो की मन असो नसो, ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी कामं करायची, मन मागून येतं. हे कागदावर लिहून देणं सोपं आहे, पण सकाळी साडेसहाला त्या माणसाच्या उशाशी उभं राहून "चल ऊठ" म्हणायला मी काही नसते. कुत्रं असतं.

पंचवटीतल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे यायच्या, मिस्टर अचानक गेलेले, मूलबाळ नाही. सहा महिने मी त्यांना सकाळी चाला म्हणून सांगत होते आणि त्या प्रत्येक वेळी मान हलवायच्या आणि चालायच्या नाहीत. मग भावाची बदली झाली आणि त्याचं पाच वर्षांचं कुत्रं दोन महिन्यांसाठी म्हणून यांच्याकडे आलं. पुढच्या भेटीत मला म्हणाल्या, "मॅडम, तो दाराशी बसून नुसता बघतो हो, भुंकत पण नाही, मग लाज वाटते आणि उठते मी." तिसऱ्या महिन्यात त्यांनी भावाला फोन करून सांगितलं की मोती आता इथेच राहील. त्यांच्या गोळ्या चालू होत्या, माझ्याकडे येणंही चालू होतं, एकट्या मोतीने काही केलं नाही, पण मोती आला नसता तर आमच्या उपचाराला जी पकड मिळाली ती मिळाली नसती असं मला मनापासून वाटतं.

यात अजून एक गोष्ट आहे जी परदेशी लेखांमध्ये तुम्हाला सापडणार नाही. आपल्याकडे नवरा गेलेल्या बाईचं बाहेर पडणंच थांबतं. पहिलं वर्षभर सण नाही, समारंभ नाही, हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, शेजारच्या बायकाही कसं बोलावं म्हणून मागे सरतात, आणि ती स्वतः नुसती फिरायला गेली तरी कोण काय म्हणेल हे तिच्या डोक्यात असतंच. मला हे फार लागतं, अजूनही, इतक्या वर्षांनी. हातात पट्टा असला की मात्र तिला कारण मिळतं. कुत्र्याला फिरवायला निघालेय, यावर कुणी काही बोलू शकत नाही. आणि मग जॉगिंग ट्रॅकच्या बाहेर कुणीतरी थांबतं, नाव काय याचं, चावतो का, आमच्याकडे पण होता, अशी दोन दोन मिनिटांची बोलणी. त्या शिक्षिकाबाईंना गोदाकाठी फिरताना अशा चार ओळखी झाल्या, त्यातल्या दोघी आता घरी येतात चहाला. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पहिल्यांदा हे नीट मांडलं की एरवी अबोल असलेलं मूल त्यांच्या जिंगल्स या कुत्र्यासमोर मोकळं होतं आणि मग त्यांच्याशीही बोलू लागतं. मोठ्यांचंही तेच असतं. कुत्रं मधे असलं की बोलणं सोपं जातं.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त सांगायचीय कारण तुम्ही याच वाटेने निघालात. गंगापूर रोडकडच्या एका कुटुंबाने रिटायर झालेल्या वडिलांना, ज्यांचं डिप्रेशन तेव्हा नुकतंच निदान झालं होतं, हस्कीचं पिल्लू आणून दिलं. हेतू अगदी तुमच्यासारखाच, प्रेमाचा. एक तर हस्की हे थंड प्रदेशातलं कुत्रं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, ते बिचारं दिवसभर फरशीवर पसरून धापा टाकायचं. त्यात पिल्लू म्हणजे दर दोन-तीन तासांनी शू, रात्री रडणं, सोफा कुरतडणं, चप्पल, चार्जर, सगळं. काकांना आधीच झोप नाही, त्यात हे. आणि मुलं कामावर गेली की घरात हे दोघंच. चार महिन्यांनी पिल्लू दुसरीकडे देऊन टाकलं आणि त्यानंतर काका माझ्यासमोर बसून जे बोलले ते मी विसरले नाही, "एक मुकं जनावर पण माझ्याच्याने सांभाळलं गेलं नाही." डिप्रेशनमधल्या माणसाला आपण निकामी आहोत असं वाटतच असतं, त्याला आपण त्याचा पुरावा आणून दिला होता. पिल्लू आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रडू येणं, हे काय करून बसलो असं वाटणं हे धडधाकट तरुण माणसांनाही होतं, त्याला पपी ब्लूज म्हणतात, ते बहुतेकांचं आपोआप जातं. पण ज्याचा पाय आधीच खोलात आहे त्याच्यावर हा भार टाकू नये.

आणि लॅब्राडोरचंच म्हणाल तर कुत्रा अतिशय गोड स्वभावाचा, वाद नाही, पण वर्षभरात २५-३० किलोचा होतो आणि समोर मांजर दिसलं की ओढतो. आईंचं हाडांचं काय? या वयात बायकांची हाडं ठिसूळ झालेली असतात. अमेरिकेत २००४ ते २०१७ या काळातल्या नोंदी पाहिल्या तर पट्ट्याला धरून कुत्रा फिरवताना ६५च्या पुढच्या लोकांची हाडं मोडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त वाढलं, आणि त्यात बहुतेक बायका. खुब्याचं हाड मोडलं तर एकटेपणापेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो. शिवाय लॅब दहा-बारा वर्षं जगतो, म्हणजे आई ७५च्या होतील तोवरची ही जबाबदारी, आणि त्या पुण्याला तुमच्याकडे महिनाभर आल्या तर त्याला कोण बघणार, हे आत्ताच ठरलेलं हवं. तुम्ही म्हणाल बघू तेव्हाचं तेव्हा, पण तेव्हा मग आई तुमच्याकडे यायचंच टाळतात, कुत्र्यामुळे घरात अडकून पडलेल्या तीन-चार आज्या मी पाहिल्यात.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे आणि ते कुत्र्याचं नाही. पहाटे तीनला जाग येणं, भूक जाणं, स्वतःसाठी काही करावंसं न वाटणं, हे आठ महिन्यांनंतरही रोजचं असेल तर ते नुसतं दुःख आहे असं धरून चालू नका. दुःखात माणूस रडतो पण मधे मधे हसतोही, नातवाचा व्हिडिओ बघून खुलतो, चांगली भाजी झाली तर दोन घास जास्त खातो. हे मधलं मधलं पूर्ण बंद झालं असेल तर आईंना मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवायलाच हवं, आणि थायरॉईड, बी-१२, शुगर या साध्या तपासण्याही करून घ्या, या वयात त्याही अशाच थकवतात. "मला पण घेऊन जा रे देवा" असलं काही वारंवार बोलत असतील तर थांबू नका, त्याच आठवड्यात जा. मधे कधी रात्री घाबरायला झालं तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं, आईंच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कुत्रं हे उपचाराच्या सोबतीला चालतं, उपचाराच्या जागी नाही.

सोवळ्याचं म्हणाल तर ते हसण्यावारी नेऊ नका. "आई, आता काय ते सोवळं" असं म्हटलंत की विषय तिथेच संपतो. आईंच्या देवघरात दत्ताची तसबीर असेल तर त्याच्या पायाशी चार कुत्री आहेतच, आणि आपल्याकडे त्यांना चार वेद म्हणतात, हे त्या तुमच्यापेक्षा चांगलं जाणतात. त्यांची अडचण बहुतेक वेळा कुत्र्याची नसते, स्वयंपाकघरात आणि देवघरात केस यायला नकोत एवढीच असते. तेवढी हद्द त्यांनी आखायची आणि घरातल्यांनी पाळायची. सोसायटीवाले काही म्हणाले तर घाबरायचं कारण नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५च्या सूचना स्पष्ट आहेत की सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. पण शी उचलायची जबाबदारी आपली, ती चुकवली की नियम दाखवून काही उपयोग होत नाही.

जाता जाता नाशिककरांसाठी म्हणून सांगते, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला देऊ नका, किडनी जाऊ शकते, आणि कांदासुद्धा नको, कच्चा नाही शिजवलेला नाही, त्याने त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्याकडे सीझनला घरोघरी द्राक्षांचे क्रेट येऊन पडलेले असतात आणि लाडाने घातली जातात. आणि मखमलाबाद, गंगापूर, देवळाली कॅम्पकडे मळ्यात कुणी राहत असेल तर रात्री कुत्रं बाहेर बांधून ठेवू नका, बिबट्या त्याच्यासाठीच येतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण विचारायला हवी होती, ते गेल्यावर काय. माझ्याकडे १४ वर्षं चिंगी होती, रस्त्यावरचीच, ती गेली तेव्हा दोन दिवस मी अपॉइंटमेंट घेतल्या नाहीत, घेऊच शकले नाही. लोक म्हणतात कुत्रंच होतं ना, दुसरं आण. सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेले एक गृहस्थ कुत्रा गेल्यावर दीड महिना जेवत नव्हते आणि घरात कुणालाच ते दुःख वाटत नव्हतं, आजार वाटत होता. त्या दुःखाला ना तेरावा असतो ना कुणी भेटायला येतं, म्हणून ते आतच राहतं. तुमच्या आईंनी आत्ताच एक जाणं बघितलंय. म्हातारं किंवा आजारी कुत्रं दत्तक घ्यायचा विचार कितीही चांगला असला तरी सध्या त्यांच्यासाठी तो नको.

आता ती तपकिरी कुत्री. ताई, जी बाई स्वतःसाठी कुकर लावत नाही ती रोज रात्री एक पोळी करते किंवा राखून ठेवते, चप्पल घालते, जिना उतरते, गेटपर्यंत जाते आणि कुणीतरी आपली वाट बघतंय हे बघून परत येते. आईंनी स्वतःचं औषध स्वतः शोधलंय आणि तुम्हाला सांगितलंही नाहीये. मी तुमच्या जागी असते तर लॅब्राडोर विसरले असते आणि याच धाग्याला धरून पुढे गेले असते. या शनिवारी याल तेव्हा कुत्रा पाळण्याचा विषयच काढू नका. रात्री आईंबरोबर गेटपर्यंत जा, तिला काय म्हणून हाक मारतेस एवढंच विचारा. नाव नक्की ठेवलेलं असणार.

मग हळूहळू, घाई न करता, एक पोळीचं दोन वेळचं होऊ द्या, सकाळीही. सकाळी सातच्या आत गेट, मग गेटपासून कोपऱ्यापर्यंत चार पावलं, कुत्री आपोआप मागे येते. खायला घालायची जागा सोसायटीशी बोलून ठरवा, २०२३च्या ॲनिमल बर्थ कंट्रोल नियमांत तशी तरतूद आहे, लहान मुलं खेळतात तिथे किंवा जिन्याच्या तोंडाशी नको, म्हणजे आईंना कुणाचं बोलणं खावं लागणार नाही. व्हेटला बोलावून तिचं रेबीजचं इंजेक्शन, जंताचं औषध आणि गोचिडांचं बघून घ्या, हा खर्च तुम्ही करा आणि गिफ्ट द्यायचंच असेल तर हे द्या. चुकून दात किंवा नख लागलंच, अगदी ओरखडा असला तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची, हळद-चुना काही लावायचं नाही.

दोन-तीन महिने असे गेले, आईंची झोप जरा सुधारली, आणि त्यांनी स्वतःहून म्हटलं की पावसात ही कुठे जाते गं, तर तेव्हा तिला घरात घ्यायचं बोला. तीन-चार वर्षांची गावठी कुत्री, पंधरा-वीस किलोची, पिल्लाची दंगामस्ती संपलेली, इथल्या उन्हाथंडीची सवय असलेली, आईंना याहून चांगली सोबत मिळणार नाही, तरी फ्लॅटची सवय व्हायला तिलाही काही आठवडे लागतील आणि काही कुत्री दार बंद झालं की घाबरतात, तसं झालं तर जबरदस्ती करायची नाही, ती गेटपाशी राहील आणि आई खाली जातील. आणि आई तसं म्हणाल्याच नाहीत तरी काही बिघडलं नाही. शनिवारी खाली गेलात की तिचे कान नीट बघा, एका कानाला छोटी खाच असेल तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली असते. खाच नसेल तर पिल्लं व्हायच्या आत ते करून घ्यावं लागेल, ऑपरेशननंतर काही दिवस तिला कोरड्या जागी ठेवून बघावं लागतं, तेव्हा तुम्ही सुट्टी काढून या, आईंवर एकटीवर टाकू नका.